मधली तार

कास्त्रोत आमचं घर पाण्यावर उभं आहे,
निदान पोस्टकार्डावर तरी.
दिवसातले निम्मे तास ते चिखलावर उभं असतं.
लाकडाचे खांब, लाकडाची जमीन,
भिंतींवर लाकडाचेच खवले.
मान्सियांचं घर पेटलं तेव्हा ओहोटी होती.
बादल्या घेऊन आम्ही खाली धावलो
आणि गुडघाभर चिखलात उभे राहिलो.
समुद्र दोनशे पावलं लांब,
पाठ फिरवून.

तेव्हापासून मी झोपतो, नाक झोपत नाही.

परवा रात्री दोनला वास आला.
चुलीचा नव्हे. चुलीचे सगळे वास मला पाठ आहेत,
ओल्या लाकडाचा, सुक्याचा, सांडलेल्या रश्श्याचा.
हा गोडसर होता,
शर्टावर इस्त्री विसरल्यासारखा.

यास्नाच्या टेबलावर गॉगलची बॅटरी.
काळी डबी, साबणाच्या वडीएवढी,
आत दोन सेल,
एका पांघरुणातल्या भावंडांसारखे.
हात लावून पाहिला. ताप होता.
प्लग उपटला, डबी वाळूच्या बादलीत ठेवली,
बादली बाहेर, सज्जाच्या टोकाला,
आणि भरती येईपर्यंत दूर बसून राहिलो.

सकाळी ओरडणार होतो. वाक्यंही जुळवून ठेवली होती.
ती आली, डबीला मीटरची टोकं टेकवली.
"आठ पॉइंट एक. सगळं ठीक आहे, बाबा."
मी म्हटलं, एकेकाला विचार.
चाळीस वर्षं बोटींचे रेडिओ उघडले मी,
बेरजेवर विसंबायचं नाही, एवढंच शिकलो.

एक, ३.७९.
दुसरा, ४.३१.

एक अर्धपोटी, एकाच्या नरड्याशी आलेलं,
आणि चार्जर दाराबाहेरून विचारतोय,
काय रे, जेवलात का दोघं?
डबी म्हणतेय, अजून नाही. वाढा.

यास्ना काही बोलली नाही.
माझी वाक्यंही तिथेच राहिली.

ते सेल गेले. नवी जोडी आली,
एका दिवशी, एका दुकानातून घेतलेली.
पण आधी रिकामी डबी.
कानशीने कडेला खाच, तांदळाएवढी.
तीन तारा. काळी एका टोकाला,
लाल दुसऱ्या टोकाला,
आणि पांढरी तिथे,
जिथे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला भिडतं
त्या पत्र्याच्या पट्टीवर.
हात माझा कापतो हल्ली.
तिने माझं मनगट धरलं, मी श्वास धरला,
कथील वितळून मण्यासारखं बसलं.
आतून तारांना गाठ मारली,
ओढ बसली तर गाठीला बसावी, सांध्याला नाही.
वर पिवळी चिकटपट्टी. बाहेर पांढरं इवलं सॉकेट.
डबी थोडी कुरूप झाली.
यास्ना म्हणाली, दात आलाय तिला.

नव्या चार्जरच्या पडद्यावर आता दोन आकडे.
एक पुढे गेला की चार्जर त्याला थोपवतो,
मागच्याला येऊ देतो.
जी पोरगी जेवतानाही बसत नाही
ती दीड तास खुर्चीत बसली, आकडे बघत.
उठून जायचं नाही, हा नियम तिचाच.

मग डोळ्यांवर गॉगल चढवून ती उडाली
शिंपल्यांच्या तरंगत्या दोऱ्यांवरून,
कुठली पिंपं बुडाली ते बघायला.
मला दिसली फक्त तिची हनुवटी,
वाऱ्याच्या बाजूला किंचित वळलेली.

रविवारी पुएर्तो मोंतहून नेलिदाचा फोन.
सहा वर्षं ती तोच प्रश्न विचारते,
कसे आहात दोघं?
सहा वर्षं मी सांगतो, आम्ही ठीक.
या वेळी "आम्ही" म्हणून थांबलो.
फोन यास्नाकडे दिला
आणि सज्जात गेलो.

आत ती बराच वेळ बोलत होती.
कधी आवाज चढला, कधी नुसताच श्वास.
मी ऐकलं नाही.

वाळूची बादली अजून तिथेच आहे.
पावसाने भिजली होती. वाळू बदलली,
कोरडी भरली.